नव्वदच्या वर

"वैजे, बाजूला सरक जरा. उजेड अडवतीयास माझा."

दादा ओट्यावर मांडी घालून बसला होता. पुढ्यात आईच्या जुन्या लुगड्याची घडी आणि त्या घडीवर माझं घड्याळ पालथं पडलेलं. मागचं झाकण त्यानं रुपयाच्या नाण्यानं फिरवून काढलं होतं. मी त्याच्या खांद्यावरून डोकावत होते आणि माझा जीव नुसता खालीवर होत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटात शर्यत, आणि नेमके आदल्या दुपारी घड्याळाचे आकडे फिकट होत होत गेलेच की!

"हळू रं दादा. काय तुटलं-बिटलं तर मुलाणी सर मला तिथंच गाडतील."

"आगं, सोन्याची धूळ वेचणारा माणूस मी. मला सेल बदलता येत न्हाई व्हय?"

ते खरंच होतं. आमच्या विट्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. कुठं कुठं लांबच्या मुलखात जाऊन सराफांचं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देतात. दादा कोइमतूरला देशमान्यांच्या गलाईच्या दुकानात होता. त्याची बोटं म्हणजे काय सांगू, चिमट्यानं मुंगी उचलली तरी मुंगीला कळायचं नाही. त्यानं जुना सेल अलगद काढला, बटणाएवढा नवा बसवला, रबराची बारीक चकती नखानं कडेकडेनं दाबली आणि झाकण फिरवलं. घड्याळ उलटं केलं तर आकडे लुकलुकायला लागलेले.

"आलं की!" मी टाळीच वाजवली.

"आता ह्याला वेळ, तारीख, सगळं परत सांगाय लागतंय. तवर तू चहा टाक."

मी चहा टाकायला आत गेले. मला त्या घड्याळातली दोनच बटणं ठाऊक होती, सुरू करायचं आणि बंद करायचं. बाकी सगळं इंग्रजीत. ते आधी मला पळायला शिकवणाऱ्या मुलाणी सरांनी लावून दिलं होतं, पण सर शर्यतीच्या कामाला आदल्या दिवशीच पुढं गेले होते.

ते घड्याळ दादानंच आणलेलं. तिकडच्या एका सायकलवाल्या डॉक्टरनं नवं घेतलं, तेव्हा जुनं दादानं मागून घेतलं माझ्यासाठी. छातीला एक पट्टा बांधायचा, आणि काळीज किती धावतंय ते मनगटावर दिसायचं. आमच्या घड्याळात सरांनी टक्के लावले होते. शंभर म्हणजे जिवाची कमाल. नव्वदच्या वर गेलं की ते टीं टीं टीं करून ओरडायचं.

आणि मला ते लागायचंच. कारण मी म्हणजे उधळलेलं खोंड. शिट्टी वाजली की जे सुटायचं ते सुटायचं, आणि अर्ध्यात जीभ बाहेर. आदल्या वर्षी निवडीच्या शर्यतीत मी घाटाच्या तिसऱ्या वळणावर डोळे पांढरे केले होते. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, काळजाला काही नाही. पण मुलाणी सर पलटणीतले हवालदार, ते कसले ऐकतात! त्यांनी मला समोर उभं करून कायदाच घालून दिला.

"वैजयंता, घड्याळ ओरडलं की पाय आवरायचे. गप्प होईपर्यंत आवरायचे. मग कुणी पुढं जाऊ दे, देव का जाईना. चढ संपून वरची सपाटी लागली की घड्याळाकडं बघायचं नाही, मग तू नि तुझं नशीब. पण तोवर तुझं डोकं चालवायचं नाही. तुझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही."

मी तो कायदा देवाच्या आणेसारखा पाळला. पाळला आणि वर्षभरात अशी पळायला लागले की सरसुद्धा शिट्टी तोंडात धरून विसरायचे.

आता या शर्यतीचं एवढं काय, तर माझं सगळंच तिच्यावर होतं. पहिल्या तिघी राज्याच्या संघात जाणार होत्या, पुण्याला शिबिराला, दोन-तीन वर्षांसाठी. आणि घरी आबांचा शब्द होता. तो शब्दसुद्धा दादानंच मिळवलेला. दिवाळीत आला तेव्हा आबांच्या पुढं बसून त्यानं जेवण नाकारलं होतं. "पोरीला एक संधी द्या, मगच घास घेतो." आबा चिडले, आई रडली, शेवटी आबा म्हणाले, "बरं. पयल्या तिघींत आली तर जाऊ दे. न्हाई आली तर वैशाखात अक्षता. मग पळायचं नाव काढायचं न्हाई."

आणि माघात देशमान्यांचं स्थळ आलं. एकच लग्न नव्हे, साटंलोटं. त्यांचा अधिकराव मला, आणि त्यांची सारिका दादाला. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. तुमची पोरगी दिली तर आमची देऊ. दादाचा जीव सारिकावर आहे हे मला कधीपासून ठाऊक होतं. दुकानाच्या वरच देशमान्यांचं बिऱ्हाड. फोनवर सारखं "सारिका म्हणाली", "सारिकानं केलं", नि मी चिडवलं की फोनच ठेवायचा.

आबांनी देशमान्यांना निवडीपर्यंत थांबायला सांगितलं. मी दादाला विचारलं होतं, विहिरीवर दोघंच होतो आम्ही. "दादा, मी निवडले गेले तर तुझं रं काय?"

त्यानं माझ्या टाळक्यात टपली मारली होती. "माझं बघून घेऊ. तू पळ."

असा भाऊ होता माझा.

शर्यतीच्या सकाळी मला कधी नव्हे ते हलकं वाटत होतं. घाटाच्या पायथ्याशी पोरी उभ्या होत्या, बऱ्याचजणी ओळखीच्या. कडेगावची एक शोभा होती, मला कायम मागून बघणारी. ती म्हणाली, "आज काय खाऊन आलीयास? तोंड असलं उजळलंय." मी म्हणाले, "दादाच्या हातचा चहा." सकाळी त्यानंच करून दिला होता. पट्टाही त्यानंच ओला करून दिला, कोरडा असला की ठोके नीट लागत नाहीत म्हणून.

शिट्टी झाली. मी जपून निघाले, अगदी शहाण्या बाईसारखी. पायथ्याची सपाटी अजून संपलीसुद्धा नव्हती, आणि घड्याळ ओरडलं.

बघते तर नव्वदच्या वर. म्हटलं, हे काय? श्वास तर जागेवर आहे, मी अजून तापलेसुद्धा नाही! पण कायदा तो कायदा. पाय आवरले. दोघी-तिघी पुढं गेल्या. घड्याळ गप्प झालं, मी परत सुटले, आणि पन्नास पावलं गेले नसेन तर परत टीं टीं. चढ लागला तसं तर ते बोंबलायचं थांबेनाच. शोभा माझ्या शेजारनं गेली. जाताना तिनं मान वळवून बघितलं. तिच्या तोंडावर काळजी होती, ती मला जास्त लागली.

मी जवळजवळ चालत होते. पायांत सगळं तसंच भरलेलं आणि चालत होते! मला वाटलं, गेलं माझं काळीज. आदल्या वर्षी डोळे पांढरे झाले तेव्हाच काहीतरी मोडलं असणार, डॉक्टरला दिसलं नसणार. अंगाला कळत नाही पण घड्याळाला कळतंय. भीती वाटली हो. मरायची भीती वाटली, वय काय होतं माझं! वरची सपाटी आली तेव्हा मी सरांच्या शब्दाप्रमाणे घड्याळाकडं बघणं सोडलं आणि पळाले. अशी पळाले की चौघींना गाठून मागं टाकलं. पण सपाटी होतीच केवढी? फीत आली आणि मी सहावी.

मुलाणी सर पुढं आले. माझा हात धरला, नाडी बघितली, मग माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"तू दमली नाहीस," ते म्हणाले.

"घड्याळ ओरडत होतं सर."

"तू दमलीच नाहीस, पोरी."

मी तिथंच रस्त्यावर बसून रडले. दादा गर्दीतून आला, त्यानं मला उठवलं, स्वतःच्या रुमालानं तोंड पुसलं. त्याचेही डोळे भरले होते. घरापर्यंत मोटारसायकलवर मी त्याच्या पाठीला डोकं टेकून आले. मला वाटलं, एवढं एक माणूस आहे जगात ज्याला माझं दुःख कळतंय.

मग काय, सुपारी फुटली. वैशाखाची तीथ निघाली, एकाच मांडवात दोन लग्नं. मी कुणाशी भांडले नाही. भांडायला तोंड कुठं होतं? शब्द आबांनी पाळला होता, हरले मी होते. तेवढ्यात संघ पुण्याला गेला. शोभा तिसरी आली होती, तीही गेली. अधिकराव एकदा येऊन गेले. सरळ माणूस वाटले, कमी बोलणारे. सारिका मला फोन करायची आणि फोनवर नुसती लाजायची. तिचा आवाज ऐकून मला वाटायचं, चला, निदान दादाचं तरी चांगलं झालं.

लग्नाला आठवडा राहिला होता. पत्रिका द्यायला मी मुलाणी सरांच्या घरी गेले आणि घड्याळही घेऊन गेले. म्हटलं, आता मला कशाला, सर दुसऱ्या कुणा पोरीला देतील.

सरांनी पत्रिका डोळ्यांना लावली, बाजूला ठेवली. घड्याळ हातात घेतलं.

"ती आमची नवी पोरगी आहे, तांबोळ्यांची. तिला देतो. तिच्या वयाचं करून ठेवतो आताच." आणि चष्मा चढवून बटणं दाबायला लागले. दाबता दाबता थांबले.

"वैजयंता, तुझा जन्म कधीचा?"

"सत्याऐंशीचा. का हो सर?"

"ह्यात सदुसष्ट आहे."

मला काही कळलंच नाही. म्हटलं, असेल, घड्याळच ते. मग सरांनी चष्मा काढला आणि मला समजावून सांगितलं, नुकत्या भरती झालेल्या पोराला सांगावं तसं. घड्याळाला आपली कमाल कुठून कळते? वयावरून. वय वाढलं की कमाल उतरते. सेल काढला की ते सगळं विसरतं, परत विचारतं, आणि आपण सांगू ते खरं धरून चालतं.

"म्हणजे घाटात..."

"घाटात हे तुझ्या काळजाची राखण करत नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या काळजाची करत होतं. तुझं सगळं ठीक होतं. तू अजून कितीतरी पळू शकली असतीस." ते खाली बघायला लागले. "सेल कुणी बदलला होता?"

"दादानं."

"मग चुकून पडला असेल आकडा," सर म्हणाले. फार घाईनं म्हणाले.

आणि ते त्या तांबोळ्यांच्या पोरीसाठी साल बदलायला लागले. बटण दाबलं की एक साल पुढं. अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर. एक एक साल दाबत जावं लागत होतं. सत्याऐंशी आलं आणि गेलं. मी बघत होते. त्या दुपारी ओट्यावर बसून कुणाचंतरी बोट सदुसष्टवर थांबलं होतं, आणि सत्याऐंशीपर्यंत गेलंच नव्हतं. मी आत चहात आलं ठेचत होते तेवढ्या वेळात.

"सर, ते द्या इकडं," मी म्हणाले आणि घड्याळ घेऊन निघाले.

घरी मांडव घालायचं चाललं होतं. मेढी रोवून झाल्या होत्या, दादा पिंपावर उभा राहून आंब्याचे डहाळे बांधत होता. खाली चुलत्यांची माणसं हसतखिदळत होती.

"दादा, खाली ये."

"थांब गं, एवढी गाठ मारतो."

"खाली ये म्हणते ना!"

तो उतरला. मी त्याला गोठ्याच्या मागं नेलं. येताना सगळ्या रस्त्यानं मी ठरवत आले होते. मी विचारणार, माझं जन्मसाल कुठलं? तो म्हणणार, सत्याऐंशी, खुळी झालीस काय? मग मी घड्याळ दाखवणार, तो कपाळावर हात मारून घेणार, आणि आम्ही दोघं गळ्यात पडून रडणार. इतकी मूर्ख मी.

"माझं जन्मसाल कुठलं रं दादा?"

त्यानं हातातली सुतळी बोटाला गुंडाळली, परत सोडली.

"सरांनी बघितलं?" त्यानं विचारलं.

"दादा, चुकून झालं म्हण. एकदा नुसतं म्हण, माझ्या हातनं चुकलं. मी खरं धरते. तुझ्या गळ्याची आण, खरं धरते."

"तू पयली आली असतीस, वैजे."

"काय?"

"आबा म्हणत हुते, पोरगी येतीया धाव्वी-बारावी, मग आपसूक नाद सोडंल. आईबी तसंच म्हणायची. म्हणून तर आबांनी शबूद दिला." तो माझ्याकडं बघत नव्हता, गोठ्याच्या कुडाकडं बघत होता. "मला एकट्याला ठावं हुतं. तिघींत न्हवं, तू पयलीच आली असतीस. मग तू जाणार दोन-तीन वरसं. देशमाने थांबायला तयार न्हवते. सारिकाला इस्लामपूरचं स्थळ सांगून आलंवतं."

"विहिरीवर काय म्हणाला होतास तू? माझं बघून घेऊ, तू पळ."

"तवा मनापासनं म्हणलोवतो."

आता बोला! खोटं बोलला असता तर मी थोबाडीत मारली असती. पण तो खरं सांगत होता. साऱ्या घरात, साऱ्या गावात माझ्या पायांवर विश्वास होता तो या एका माणसाचा, आणि त्या विश्वासापायीच त्यानं ते पाय कापले. ज्यांना मी हरेन असं वाटत होतं त्यांनी माझं काही वाकडं केलं नाही. त्यांना गरजच नव्हती.

"रडलास ते?" मी विचारलं. "रस्त्यावर माझ्याबरोबर रडलास ते काय होतं मग?"

"तेबी खरंच हुतं," दादा म्हणाला.

मी तशीच आबांकडं गेले. ते पानाला चुना लावत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पान दुमडलं, गालात धरलं.

"पयल्या तिघींत आलीस का?"

"आबा, अहो दादानं..."

"दादानं केलं ते तुम्ही भावा-भयनी बघा. देशमान्यांच्या दारातबी आज मांडव घातलाय."

आईकडं मी गेलेच नाही. तिनं तोंडाला पदर लावला असता, आणि मला ते बघायचं नव्हतं.

मोडता आलं असतं का लग्न? आलं असतं. पुष्कळ बायका मला आजही विचारतात, का नाही मोडलंस? अहो, संघ निघून गेला होता. मोडून मला घाट परत मिळणार नव्हता. आणि साट्यालोट्यात एक दोरा ओढला की दुसरा तुटतो. सारिका अंगाला हळद लावायला बसलेली, तिनं काय माझं घोडं मारलं होतं? तिला तर काही ठाऊकही नव्हतं. मी दात-ओठ खाऊन बोहल्यावर चढले. दादाशी मात्र एक अक्षर बोलले नाही. तो पाणी द्यायला आला की मी तांब्या दुसऱ्याच्या हातातून घ्यायची.

लग्नं लागली. आधी आमचं, मग त्यांचं. होमाला आम्ही बसलो, आणि भटजींनी हाक दिली, "नवरीचा भाऊ कुठाय? कानपिळीला या."

मांडवात एकच हशा. कारण नवरीचा भाऊ स्वतःच नवरदेव! डोक्याला बाशिंग, गळ्यात हार, अशा अवतारात दादा आला. चुलते ओरडले, "धनाजी, जोरात पिळ! नंतर त्योबी तुझा पिळणार हाय!" अधिकराव हसत हसत कान पुढं करून बसले. दादा माझ्या शेजारी वाकला आणि म्हणायचं ते म्हणाला, पूर्वापार म्हणतात ते. "माझ्या बहिणीला नीट सांभाळा. दगा दिलात तर गाठ माझ्याशी हाय."

अधिकरावांच्या कानापर्यंत त्याचा हात पोचायच्या आत मी माझा हिरव्या चुड्याचा हात वर केला, आणि दादाचा कान धरला.

पिळला. मुळापासून पिळला. आधी मांडव खदखदून हसला. "आरं, नवरीनं भावाचाच धरला!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी सोडला नाही. आणखी पिळला. बाशिंग कलंडलं, नख रुतलं, माझ्या बोटांना ओलं लागलं. भटजी म्हणाले, "पुरे, पुरे." पुढच्या रांगेतलं हसू थांबलं, मागच्यांना काही दिसत नव्हतं म्हणून ते हसतच होते.

दादानं हात वर केला नाही. मान सोडवून घेतली नाही. तसाच वाकून उभा राहिला, डोळ्यांतून घळघळा पाणी, आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "पिळ, वैजे. सोडू नगंस."

तेव्हा मी सोडला. त्याला तेवढंही द्यायचं नव्हतं मला.

अधिकराव माझ्याकडं टक लावून बघत होते. हळूच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "मला भाऊ नाही. पुढचं चालू करायला सांगा."